दोनशेला दोन

दिवाळीआधीच्या रविवारी पुण्यात मंडईजवळ गाडी लावायला जागा मिळाली, तर खरेदीची निम्मी कटकट संपली असे समजावे. हुतात्मा बाबू गेनू वाहनतळाबाहेर दुचाक्यांची रांग थेट रस्त्यावर आलेली असते. एकदा गाडी आत गेली की माणसे तुळशीबागेकडे, लक्ष्मी रस्त्याकडे वळतात आणि दोन-तीन तासांनी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परततात. पिशव्यांत पणत्या, रांगोळी, उटणे असते, पण सगळ्यात जास्त असतात कपडे. ‘पाचशेला तीन’, ‘दोनशेला दोन’ असा पुकारा जिथे चालू असतो, तिथे पाऊल ठेवायला जागा नसते.

ज्याचे नाव त्या वाहनतळाला दिले आहे तो बाबू गेनू सैद आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. पोटासाठी मुंबईला गेला, गिरणीत लागला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाने भरलेली लॉरी अडवायला तो रस्त्यावर आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. तेव्हा तो जेमतेम बाविशीत होता. आपण त्याला स्वातंत्र्यलढ्यातला हुतात्मा म्हणून ओळखतो, ते योग्यच आहे. पण तो कापडगिरणीतला कामगार होता, ही गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. अंगावरचे कापड कुठून आले, कोणाच्या हातून झाले आणि त्याचा पैसा कोणाच्या घरी गेला, हे प्रश्न आपल्याला युरोपातल्या एखाद्या संस्थेने शिकवलेले नाहीत. ते इथल्याच एका मजुराने जिवावर उदार होऊन विचारले होते.

त्याच्या उलट बाजूचा प्रश्नही त्याआधीच विचारला गेला होता. रवींद्रनाथांच्या १९१६ सालच्या ‘घरे-बाइरे’ या कादंबरीत पंचू नावाचा गरीब माणूस आहे. विलायती कापड विकून तो चार पैसे मिळवू पाहतो, आणि स्वदेशीच्या नावाखाली जमीनदार त्याचे ते कापड जाळून टाकतो. जळते ते पंचूचे. देशी कापड तेव्हा महाग आणि जाडेभरडे होते, आणि ‘तेच घ्या’ म्हणून सांगणाऱ्यांपैकी अनेकांना ती महागाई परवडत होती. पंचूला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला ती परवडत नव्हती.

बाबू गेनू आणि पंचू, दोघांचेही म्हणणे मला खरे वाटते. स्वस्त कपड्यांविषयी लिहायचे तर दोघांपैकी एकालाही विसरून चालणार नाही.

०

आपल्यातली सुखवस्तू माणसे स्वस्त कपड्यांना फार लवकर नाक मुरडतात. एका धुण्यात बोळा होतो, रंग जातो, सगळ्यांच्या अंगावर तेच दिसते, ही वाक्ये पुष्कळदा कानावर येतात. ती बोलणाऱ्यांच्या घरी कपड्यांची ददात बहुधा कधीच नसते.

जुन्या कापड दुकानात गेल्याचे ज्यांना आठवते त्यांनी ती गादी आठवून पाहावी. पांढऱ्याशुभ्र गादीवर बसलेला माणूस आधी गिऱ्हाइकाच्या पायांकडे, मग हातातल्या पिशवीकडे बघायचा आणि कोणता तागा खाली काढायचा ते ठरवायचा. अंगावरचे कपडे साधे असले तर महागातला तागा फळीवरून हलायचाच नाही. ‘घ्यायचंय ना नक्की?’ हा प्रश्न सगळ्यांना विचारला जात नसे. कोणाला विचारायचा हे त्याला बरोबर कळायचे. आता तालुक्याच्या गावातही काचेची, गार हवेची, मोठ्या आरशांची दालने झाली आहेत. टाटा समूहाच्या ट्रेंट कंपनीची झुडिओची दुकाने मार्च २०२५ अखेर ७६५ झाली होती. तिच्याच जुन्या आणि महागड्या वेस्टसाइडची २४८ होती. माणसांचा ओढा कुठे आहे ते एवढ्यावरून कळते. या दालनांत कोणीही शिरावे, हवे ते हाताळावे, अंगाला लावून बघावे, काही न घेता बाहेर पडावे. कोणी हटकत नाही, आणि किंमत प्रत्येक चिठ्ठीवर छापलेली असते.

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी हिंगोली जिल्ह्यातली एक मुलगी मला म्हणाली, ‘‘गावाकडून आले तेव्हा क्लासमध्ये माझे कपडे बघूनच लोकांना कळायचं मी कुठून आलेय, घरचं कसं असेल. आता कळत नाही. बोलले तर कळतं, पण बोलायचं की नाही ते मी ठरवते.’’ तिच्या अंगात दोनशे रुपयांचा टॉप होता. महिन्याला घरून येणाऱ्या पैशांत खोलीचे भाडे, मेस आणि अभ्यासिकेची फी भागवायची असते. त्यातून उरलेल्या पैशांत तिने चारचौघींसारखे दिसण्याची सोय विकत घेतली होती.

महाराष्ट्रात या गोष्टीला इतिहास आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांशी बाबासाहेब आंबेडकर बोलले, तेव्हा त्यांनी लुगडे कसे नेसायचे आणि अंगावर कोणते दागिने घालायचे याविषयी सांगितले. जात ओळखू येईल अशी नेसण्याची रीत सोडा, असे त्यांचे म्हणणे होते. कोणी काय नेसावे, किती नेसावे, कोणते कापड अंगाला लावू नये, याचे नियम जिथे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवले, तिथे चांगले कपडे स्वस्त होणे ही छोटी घटना नाही. कपड्यांतली चैन वाईट, असा उपदेश मला म्हणूनच अर्धवट वाटतो. पूर्वी जी चैन होती, तिचा बराचसा भाग आज आत्मसन्मानाच्या खात्यावर जमा झाला आहे.

यात दुसरीही एक गोष्ट आहे, हिशेबाची. पुण्यात आज पंजाबी ड्रेस शिंप्याकडे टाकला तर नुसत्या शिलाईचे पैसे तयार कुर्त्याच्या दुपटीच्या घरात जातात. कापड वेगळे, अस्तर वेगळे. शिंपीण त्याच शहरात राहते, तिच्या मुलाची फी तिथलीच असते, म्हणून तिची शिलाई शहराच्या महागाईप्रमाणे वाढली. कापून, शिवून, काजे-बटणे करून तयार झालेला कुर्ता दोनशेला मिळतो, तेव्हा तितकीच शिलाई कुठेतरी झालेलीच असते. यंत्रांमुळे आणि हजारो नग एका मापाने कापल्यामुळे वेळ वाचतो, हे खरे. तरीही सुई ज्या हाताखालून जाते तो हात माणसाचाच आहे. कापड मऊ, लवचिक, सरकणारे असल्यामुळे ते सुईखाली धरणे यंत्रांना अजून नीट जमलेले नाही. म्हणून मोटारगाडी यंत्रमानव जोडतात आणि शर्टाची बाही मात्र बाईच जोडते.

०

पुण्यातल्या कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला मार्च २०२१ मध्ये मोठी आग लागली आणि शेकडो गाळे जळाले. बाजार पुन्हा उभा राहिला. तिथल्या एका जुन्या गाळेवाल्याने मला ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ची गंमत समजावली. परदेशी मागणीचा माल कापताना कारखाने थोडा जास्तच कापतात, कारण काही नग तपासणीत बाद होणार हे धरलेले असते. उरलेला आणि बाद झालेला माल वजनावर किंवा लॉटने बाहेर पडतो. कॉलर किंचित वाकडी, शिलाई एका जागी सुटलेली, नाहीतर मागणीच रद्द झालेली. ‘‘पूर्वी असा माल खरोखर यायचा,’’ तो म्हणाला. ‘‘आता सरप्लस म्हणून वेगळा शिवतात. लोकांना ते ऐकायला आवडतं.’’ आवडायचे कारण उघड आहे. मोठ्या किमतीची वस्तू आपल्याला चुकून कमी पैशांत मिळाली, या भावनेत एक विजय असतो. घासाघीस करून वीस रुपये कमी करून घेतले की तो विजय पक्का होतो. त्या वीस रुपयांतला एक पैसाही माल शिवणाऱ्यापर्यंत जात नाही किंवा त्याच्याकडून येत नाही. ते गाळेवाल्याच्या जेवणातून जातात. त्याची बाजू ऐकल्यापासून रस्त्यावर मी किंमत पाडून मागत नाही. जिथे चिठ्ठीवर छापील भाव आहे तिथे आपण गुपचूप पैसे मोजतो, मग उन्हात उभ्या असलेल्या माणसाशीच का भांडायचे?

कापसाचे गणित याहून उघडे आहे. २०२५-२६च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. कापसातून सरकी काढली की रुई उरते ती साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी. एका साध्या सुती टी-शर्टला कातताना, विणताना, कापताना होणारी तूट धरून पाव किलोच्या आतबाहेर रुई लागते असे मानले, तर शेतातला कापूस झाला पाऊण किलोच्या आसपास. हमीभावाने त्याचे साठ रुपयेही होत नाहीत. एवढ्यात शेतकऱ्याचे बियाणे, खत, फवारणी, डवरणी आणि वेचणी आली. वेचणी किलोवर असते, बहुतेक ठिकाणी बायका करतात, आणि यवतमाळ-अमरावतीकडे दिवाळीच्या सुमारासच पहिली वेच सुरू असते. आणि हमीभाव म्हणजे सरकारी खरेदी केंद्रावरचा भाव. गावात आलेला व्यापारी बहुतेकदा त्याहून कमीच बोलतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के आयात शुल्क लादले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क माफ केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा, हा उद्देश. निर्यातदारांची अडचण खरी आहे. पण नवा कापूस बाजारात यायच्या बरोबर तोंडावर ही सवलत आली. दूरदेशीच्या दुकानात कपडा महाग होऊ नये म्हणून जी कात्री चालली, ती वऱ्हाडातल्या कापूस उत्पादकाच्या खिशावर. शिवाय सर्वांत स्वस्त कपड्यात कापूस असतोच कुठे? तो बहुतेक पॉलिस्टर, म्हणजे खनिज तेलातून काढलेला धागा. तो न चुरगळता चमकतो, लवकर वाळतो, आणि प्रत्येक धुण्यात त्याचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे सांडपाण्यात जातात. कापूसवाल्याला त्या बाजारात जागाच नाही.

०

उल्हासनगरला कॅम्प नंबर पाचच्या गल्ल्यांत शिरले की आधी कानाला कारखाने कळतात. प्रत्येक माळ्यावर शिलाई यंत्रे घरघरत असतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवले, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि काही नसताना व्यापार उभा करणाऱ्या त्या लोकांनी हे शहर जीन्सचे केंद्र केले. डेनिमचे तागे येतात, मास्टर थरावर थर रचून कापतो, कारीगर शिवतात. कारीगर बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे. पैसे नगावर. देशभरच्या फुटपाथांवर पाचशे-सातशेला मिळणाऱ्या जीन्सपैकी कितीतरी या गल्ल्यांतून गेलेल्या असतात.

नवी कोरी जीन्स आपल्याला जुनी, विटलेली दिसायला हवी असते. त्यासाठी ती प्युमिस दगडांबरोबर धुतात, मांड्यांवर पोटॅशियम परमँगनेट फवारतात. वाळूचा झोत मारून कापड विटवण्याच्या पद्धतीने तुर्कस्तानात कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार झाला, तेव्हा २००९ मध्ये त्या देशाने ती पद्धत बंद केली. उल्हासनगरच्या धुलाई कारखान्यांचे निळे पाणी वर्षानुवर्षे वालधुनी नदीत गेले. न्यायालयीन लढाईनंतर त्यातले बरेच कारखाने बंद झाले, काही आजूबाजूला सरकले. नदी आणि ती जगवण्यासाठी झगडणारी माणसे यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

मला सांगायचे आहे ते धागा कटिंगविषयी. जीन्स शिवून झाली की तिच्यावर जागोजागी दोऱ्याची टोके लोंबत राहतात. पट्ट्याच्या लुपांना, खिशांच्या कोपऱ्यांना, चेनपाशी, पायाच्या घडीला. ती कापून पॅन्ट स्वच्छ केल्याशिवाय माल दुकानात जात नाही. हे काम कारखान्यात होत नाही. ठेकेदाराचा मुलगा सकाळी स्कूटरवरून बोचकी आणतो आणि घराघरांत टाकतो.

अशा एका घरात मी दुपारभर बसले होते. दहा बाय बाराची खोली, अर्ध्या खोलीत जीन्सचा ढीग, उरलेल्या अर्ध्यात घर. बाई मूळच्या जालना जिल्ह्यातल्या, लग्न होऊन इकडे आल्या. मांडीवर पॅन्ट, उजव्या हातात छोटी स्प्रिंगची कात्री. पॅन्ट उलटी करायची, कमरेपासून सुरुवात करायची, अंगठ्याने शिवण चाचपत खाली यायचे. दोरा दिसण्याआधी अंगठ्याला लागतो. कच्. पुन्हा खाली. पाय संपला की दुसरा पाय, मग सुलटी करून खिसे. एका पॅन्टीला पंचवीस-तीस टोके निघतात. सगळी टोके आणि निळा भुसा चटईवर साठतो, संध्याकाळी तो झाडून पिशवीत भरायचा. त्यांच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. ‘‘भाकरी थापताना पिठाला लागू नये म्हणून आधी राखेनं हात घासते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तरी जात नाही पूर्ण.’’

एका पॅन्टीला दीड रुपया. तासाला पंधरा-सोळा होतात, मुलगी शाळेतून आली की जरा जास्त. कात्री स्वतःची, धार लावायचे पैसे स्वतःचे, दिवा आणि पंखा स्वतःच्या बिलावर. हात घसरून कापडाला भोक पडले तर ठेकेदार पॅन्टीचे पैसे कापतो. एका पॅन्टीचे म्हणजे काही शे रुपये, म्हणजे दोन-तीन दिवसांचे काम. पैसे आठवड्याने मिळतात, हिशेब त्याच्या वहीत असतो, यांच्याकडे कागद नसतो. बोलता बोलता त्यांनी माझ्या कुर्त्याचे टोक हातात घेतले, उलटे केले आणि म्हणाल्या, ‘‘ताई, हे बघा, दोन राहिलेत. ज्यांनी केलं त्यांना घाई असणार.’’ आणि ते दोन धागे कापून दिले.

दिवाळीला मुलीसाठी काय घेतले, असे विचारले तेव्हा त्यांनी फळीवरची पिशवी काढून दाखवली. गजानन मार्केटमधून आणलेला, चमकी लावलेला अडीचशेचा ड्रेस. त्याची शिवण त्यांनी घरी आल्याबरोबर तपासली होती आणि लोंबणारे धागे स्वतःच कापले होते. ही बाई आपल्या गोष्टीत कुठे बसवायची? स्वस्त कपड्यामुळे तिची मजुरी दबलेली राहते, आणि स्वस्त कपडा नसता तर तिच्या मुलीला नवा ड्रेस मिळाला नसता. ‘स्वस्त कपडे घेऊ नका’ असे तिला सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

रविवारी काम सर्वांत जास्त, कारण सोमवारी माल उचलला जातो. हे ऐकल्यावर मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज दिले, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांना आठवड्याची सुट्टी कबूल करावी लागली. ज्या रविवारी आपण खरेदीला बाहेर पडतो तो कापड कामगारांनी झगडून मिळवला आहे. एकशे पस्तीस वर्षांनी कपड्याच्याच धंद्यातल्या या बाईला तो नाही, कारण ती कामगार आहे हेच कोणी मान्य केलेले नाही.

०

महाग कपडा घेतला की आपण यातून सुटलो, असे पुष्कळांना वाटते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११३४ माणसे गेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली, वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांत मात्र कामगारांना हजर व्हायला लावले. महिन्याचा पगार जाईल ही भीती होती. पगार किती, तर तेव्हाचे किमान वेतन महिन्याला तीन हजार टाका. ढिगाऱ्यातून निघालेल्या कागदांत आणि लेबलांत प्रायमार्कसारखी स्वस्त नावे होती, तशीच बेनेटन, मँगो अशी महाग नावेही होती. एकाच छपराखाली, एकाच रांगेतल्या यंत्रांवर दोन्ही शिवले जात होते.

युरोपातल्या फेअर वेअर या संस्थेने मांडलेला एक हिशेब या संदर्भात फार बोलका आहे. २९ युरोला विकल्या जाणाऱ्या एका टी-शर्टमध्ये तो शिवणाऱ्याच्या वाट्याला १८ सेंट येतात, म्हणजे शंभरातला एक रुपयासुद्धा नाही. ही मजुरी दुप्पट केली आणि सगळा बोजा गिऱ्हाइकावर टाकला, तरी त्याला १८ सेंट जास्त पडतील. ते त्याच्या लक्षातही येणार नाही. माणसाची मजुरी दाबल्यामुळेच कपडा स्वस्त राहतो, हा समज त्यामुळे टिकत नाही. मजुरी दाबली जाते कारण ती दाबता येते.

राणा प्लाझानंतर बांगलादेशातल्या कामगार संघटनांनी जगाला बहिष्कार घालू नका असे सांगितले. काम गेले तर बायकांना पुन्हा शेतमजुरीकडे नाहीतर घरकामाकडे जावे लागेल, त्यांना काम हवे होते, पण सुरक्षित आणि पुऱ्या दामाचे. मे २०१३ मध्ये इमारतींच्या आणि आगीच्या सुरक्षेसाठी कंपन्या आणि संघटना यांच्यात कायद्याने बांधील असा करार झाला. तपासण्या झाल्या, जिने आणि दारे बदलली, काही इमारती बंद केल्या. त्या वर्षाअखेर किमान वेतन ५३०० टाका झाले. ते पुरेसे नव्हते, पण वाढले ते रस्त्यावर उतरलेल्या कामगारांमुळे आणि करारावर झालेल्या सह्यांमुळे.

गिऱ्हाइकाने मग काहीच करू नये का? माझ्या मते गरजेपुरते घेणाऱ्यावर या प्रश्नाचा भार टाकणे अन्यायाचे आहे. पण आपल्यात दुसरा वर्ग आहे, ज्याच्या घरी दोन कपाटे भरली आहेत आणि तरी दर महिन्याला ‘एवढ्या पैशांत काय येतं’ म्हणून चार नग घरी येतात. त्या खरेदीला पंचूचे नाव घेता येत नाही. तिथे स्वस्ताईने कोणाची लाज राखलेली नसते, कोणाला वर्गात मान वर करून बसता आलेले नसते. दोनदा घालून मागे पडलेल्या त्या कपड्यांचे पुढे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. बोहारणीला विचारा. जुन्या सुती साड्या, जाड जीन्स, बरे शर्ट यांवर ती पातेले देते. पातळ लेगिंग आणि गोळे आलेले टॉप ती बाजूला काढते, कारण पुढे जुन्या बाजारात ते कोणी घेत नाही. गोधडीला ते चालत नाहीत, आतून सरकतात आणि उबही धरत नाहीत. फडके करावे तर पाणी टिपत नाहीत, पसरवतात. शेवटी पूर येतो तेव्हा ‘मदत’ म्हणून ते ट्रकमध्ये भरले जातात आणि ज्यांचे घर चिखलात गेले आहे त्यांच्या दारात ढीग होऊन पडतात. ज्याला परवडते त्याने कमी घ्यावे, चांगले घ्यावे, फाटले तर शिवावे. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

०

तरी कमी घेण्याने उल्हासनगरच्या त्या खोलीतला दर दीड रुपयावरून दोनवर जाणार नाही. तो वर न्यायचा रस्ता महाराष्ट्राने एकदा चालून पाहिला आहे, सोलापुरात.

सोलापूर गणवेशांच्या शिलाईसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्याआधीपासून विड्यांसाठी. विडीही घरात होते. बाई कारखान्यातून पान-तंबाखू आणते, घरी वळते, परत नेऊन देते. नगावर पैसे. विडी कारखानदार वर्षानुवर्षे म्हणत राहिले की या बायका आमच्या कामगार नाहीत, त्या आपल्या घरी, आपल्या वेळेने काम करतात. कामगारांच्या लढ्यांतून १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यात घरी काम करणाऱ्यांनाही कामगार धरले. १९७६ मध्ये विड्यांवर कल्याण उपकर आला. पुढे भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितले की घरी विड्या वळणारी बाईही कामगारच आहे. त्यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. मालक तिच्या घरी देखरेख करायला जात नसेल, पण वाईट वळलेली विडी नाकारण्याचा हक्क तो राखून ठेवतो. हा नाकारण्याचा हक्क हीच त्याची देखरेख. सोलापूरच्या बायका नाकारलेल्या विड्यांना ‘छाट’ म्हणतात, आणि छाट किती काढायची यावरून तिथे कित्येक भांडणे झाली आहेत.

हीच कसोटी धागा कटिंगला लावली तर काय दिसते? भोक पडले की पॅन्टीचे पैसे कापणारा ठेकेदार म्हणजे मालकच. माल त्याचा, दर त्याचा, तपासणी त्याची, दंड त्याचा.

विडी कामगार सुखात आहेत असे कोणी समजू नये. किमान वेतनासाठी त्यांचे मोर्चे अजून निघतात, जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये तो उपकरही गेला. पण त्यांच्याकडे ओळखपत्र आहे, निधीचे खाते आहे, आणि कुंभारीला कामगार नेते आडम मास्तरांच्या पुढाकाराने उभी राहिलेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, जिथे दारावर बाईचे नाव आहे. शहर तेच, घरी बसून काम करण्याची रीत तीच. विडी वळणारीला कायद्याने ओळखले आणि शेजारच्या घरात गणवेशाला काजे-बटणे करणारीला ओळखले नाही. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये जो करार केला, त्यासाठी इला भट यांच्या सेवा संस्थेने जगभर पाठपुरावा केला होता. भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही.

मागणी साधी आहे. कपड्याच्या धंद्यात घरी काम देणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराची नोंद व्हावी. धागा कटिंग, काजे-बटण, टिकल्या लावणे यांचे नगावरचे दर सरकारने ठरवून जाहीर करावेत आणि ते किमान वेतनाच्या तासाच्या हिशेबाला उतरावेत. हिशेबाची एक वही बाईच्या घरी असावी. कपात करायची तर कारण लिहून. कपडे विकणाऱ्या मोठ्या दालनांनी आपला माल कोणत्या गावांत, कोणत्या ठेकेदारांकडे पूर्ण होतो याची यादी लावावी, आणि गिऱ्हाइकाने ती मागावी. कपाटे भरलेल्या गिऱ्हाइकाने तर पहिल्यांदा मागावी.

धागा कटिंगचा दर दुप्पट झाला तर सातशेची जीन्स फक्त दीड रुपयाने महाग होईल. त्या बाईंना मी हा हिशेब सांगितला तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली आणि विचारले, ‘‘आधी कार्ड मिळेल का तेवढं सांगा. दराचं मग आम्ही बायका मिळून बोलू.’’